अक्काची हजेरी

जळगावात आजवर जेवढी पोरं बारावीला बसली, त्यांतलं एकही माझ्या अक्काइतकं अभ्यासात गढलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. वय त्रेपन्न, नातवंडं दोन, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला. भाऊजींना धुळ्याच्या घरी एकटं सोडून ती दिवाळीनंतर पिंप्राळ्यात माझ्याकडे राहायला आली. धुळ्याला काय कॉलेजं नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाली, "जिथं राहिलं, तिथंच पुरं करीन." मी तिची बॅग उचलून आत नेली. भाऊजींचा रोज सकाळी फोन यायचा. हिंगाची डबी कुठे आहे, वरणाला शिट्ट्या किती द्यायच्या. अक्काचं उत्तर ठरलेलं असायचं, की पेपर झाल्यावर सांगते. भाऊजींनी तीन महिने बिनहिंगाचं वरण खाल्लं.

तिचा दिवस पहाटे पाचला राज्यशास्त्राने उजाडायचा आणि जे वाचलं ते कुणावर तरी चालवून बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दूधवाल्याला तिने पंचायत राज समजावलं. तो दुसऱ्या दिवसापासून पिशवी दारात ठेवून पळू लागला. एकदा भरताच्या वांग्यांचा भाव उतरलेला दिसला तेव्हा भाजीवालीला मागणीचा नियम सांगून तिने पाच किलो वांगी उचलली. किंमत उतरली, मागणी वाढली, नियम सिद्ध झाला. आम्ही आठवडाभर भरीत खात होतो. शेवटी माझी बायको म्हणाली, "अक्का, त्या नियमाला काही अपवाद असतील ना, तेवढे आता पाठ करा." अक्काने ते गंभीरपणे वहीत टिपून घेतलं. परीक्षेच्या तोंडावर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम आला, तेव्हा तिने हंगाम सोडला नाही आणि समाजशास्त्रही सोडलं नाही. गच्चीवर ज्वारीच्या चिकाच्या बिबड्या थापायच्या आणि शेजारच्या काकूंनी गाइड हातात धरून प्रश्न विचारायचे. काकूंना चष्मा सापडायचा नाही, म्हणून त्या मनानेच प्रश्न विचारत. अक्का त्यांचीही उत्तरं द्यायची. पस्तीस वर्षं धुळ्यात काढल्याने तिच्या माहेरच्या, नशिराबादच्या बोलीत तिकडची अहिराणी मिसळली होती. काकूंनी विचारलं, की झालं का गं पाठ, की छाती काढून म्हणायची, "बठ्ठं पाठ शे," म्हणजे सगळं पाठ आहे.

पण हे सगळं परवडलं. तिचं खरं वेड हजेरीचं. बाहेरून बसणाऱ्याला हजेरी लागत नाही, हे मी तिला दहादा सांगितलं. तिने एक खासगी क्लास लावला आणि तिथल्या सरांकडून, जे तिच्या थोरल्या मुलापेक्षा लहान होते, रोज नाव पुकारून घेतलं. सर बिचारे मावशी म्हणायचे. तिने बजावलं, की मावशी घरी, इथे रोल नंबर बेचाळीस. रविवारी क्लास बंद असायचा. एका रविवारी ती कुलपासमोर उभी राहिली आणि सरांना फोन केला, की मी आले होते, नोंद घ्या. अंगात ताप असताना गेली. पुतण्याच्या हळदीला गेली नाही. शिवाय घरच्या अभ्यासाची एक वेगळी वही होती, तिच्यात रोज संध्याकाळी माझी सही लागायची. "तू शाळेच्या ऑफिसातला माणूस," ती म्हणायची, "शिक्का नसला तरी तुझी सही चालेल."

तिच्या या वेडावर घरात सगळे हसायचे. मीही हसायचो, पण सही तेवढी मान वर न करता उरकायचो.

का, ते तोवर मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. अक्का बारावीत होती तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आमच्या वडिलांना, आबांना, तिचं कॉलेज मनातून पसंत नव्हतं आणि धुळ्याचं स्थळ दारात होतं. आबा म्हणाले होते, परीक्षेचा फॉर्म गेला तर परीक्षा, नाही तर लग्न. आई आजारी, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, त्यामुळे अक्काचं कॉलेज महिनाभर बुडालं होतं. फॉर्मच्या शेवटच्या दिवशीही ती शेतातच होती. तिने फॉर्म माझ्या हातात दिला आणि मी सायकलवर नशिराबादहून जळगावला निघालो. वाटेत मित्र भेटले. मेहरूणची बोरं तेव्हा ऐन भरात होती. तळ्याकाठी आम्ही खिसे भरले, खाल्ली, पुन्हा भरले. कॉलेजात पोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. घरी येऊन मी सांगितलं, की हजेरी कमी भरली म्हणून फॉर्म घेतला नाही. एवढं चपखल खोटं मला कसं सुचलं, देव जाणे. अक्काने विश्वास ठेवला, कारण दिवस खरंच बुडाले होते. ती मला म्हणाली, की तुझी उगाच एवढी फेरी झाली. चैत्रात तिचं लग्न झालं. पुढे मी शाळेत कारकून झालो आणि फॉर्म घेण्याच्या खिडकीत बसलो. माझी खिडकी कधीही वेळेवर बंद होत नाही. लोक मला देवमाणूस म्हणतात.

क्लासच्या निरोप समारंभाला अक्का मोतिया रंगाची साडी नेसून गेली. पोरींनी तिच्याबरोबर फोटो काढले आणि सरांनी पूर्ण हजेरीबद्दल तिला पेन आणि एक कागद दिला. घरी आली ती तशीच गच्चीवर, वाळलेल्या बिबड्या उचलायला. मी मागोमाग गेलो. तिने कागद माझ्यापुढे धरला. "पाह्य. एक दिवस बुडाला नाही. आता कोणी म्हणायला नको."

मी तो कागद हातात घेऊन उभा राहिलो आणि मग सगळं सांगून टाकलं. मित्र, तळं, बंद खिडकी, खोटं. ती बिबड्या उचलत राहिली. एक मोडली, ती तिने वेगळी ठेवली. मग तिने विचारलं, "बोरं गोड व्हती का रे?"

"होती बरी. आंबटगोड."

"मेहरूणची बोरं आंबट राहत नाहीत. आता तरी खरं सांग."

"गोड होती, अक्का. फार गोड होती."

तिने मान हलवली आणि टोपलं उचलून खाली गेली. त्या संध्याकाळी सहीसाठी वही आली नाही. नंतरही आली नाही. स्वयंपाकघरातून तिचं पाठांतर ऐकू यायचं तेही थांबलं. ती मनातल्या मनात वाचू लागली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. बायकोने विचारलं, की अक्काचं काही बिनसलंय का. मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. म्हणजे पुन्हा खोटंच.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी स्कूटर काढून उभा राहिलो. न्यायला सांगितलं नव्हतं, तरी. अक्का दही-साखर खाऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने हॉलतिकीट माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मागे बसली.

"सरळ चाल," ती म्हणाली. "मेहरूणकडून नको."

आमच्या रस्त्यात मेहरूण येतच नाही. तरीही मी सगळीकडे नीट बघून स्कूटर चालवली आणि वाटेत चारदा खिसा चाचपला. केंद्राच्या फाटकाशी तिने हात पुढे केला, तिकीट घेतलं आणि पोरापोरींच्या गर्दीत गुडघा सांभाळत आत गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घंटा झाली, फाटक लागलं. पेपर तीन तासांचा होता. मी तिथेच समोरच्या निंबाखाली उभा राहिलो, पूर्ण वेळ. हजेरी घ्यायला कुणी नव्हतं.