सिस्टरच्या शाली

मदिनाबी सिस्टरच्या कपाटात साड्यांपेक्षा शाली जास्त आहेत आणि मला त्या एकेकीचा राग येतो. मी शिवणकाम करते. कापडाचा राग यावा असा माझा धंदा नव्हे, पण येतो.

सिस्टर माझ्या शेजारीण. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी उभा जन्म काढला. आधी एका ट्रस्टच्या दवाखान्यात, मग सरकारी उपकेंद्रात कंत्राटावर. लसीचा निळा डबा खांद्याला अडकवून त्या वस्तीवर निघाल्या की पोरं उसात पळायची आणि आज्या त्यांना बखोटीला धरून बाहेर ओढायच्या. सुनेला दिवस गेले की ती आधी सिस्टरना सांगायची, मग नवऱ्याला. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की सिस्टर प्रत्येक कोपीत, त्या बुटक्या खोपटात, वाकून शिरायच्या आणि डोक्याला पाचट घेऊन बाहेर यायच्या.

साठ पूर्ण झाली आणि कंत्राट संपलं. कंत्राटी माणसाला कसली आलीय पेन्शन! त्यांचे यजमान चांदसाहेब आधीच गेलेले. मुलगा अजहर कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात. तो बोलावतो, मायेनं बोलावतो, खोटं कशाला सांगू? सिस्टर एकदा गेल्याही होत्या. महिन्याभरात बोचकं घेऊन परत.

"सकाळी दार लावायचं आन सांजंला उघडायचं," त्या म्हणाल्या. "शेजारी कुनाचं पोट दुखतंय त्ये बी कळंना. मला काम पायजे गं चंद्रा. हात असं मोकळं ऱ्हायलं की मलाच भ्या वाटतं."

ग्रामपंचायतीनं निरोपाला शाल आणि नारळ दिला. ती पहिली शाल. भाषणं झाली, फोटो झाले. सिस्टरही खूश होत्या, मीही टाळ्या वाजवल्या.

मग त्या कामाला लागल्या, म्हणजे काम शोधायला. विट्याला वीरधवल डॉक्टरांचा नवा दवाखाना झाला होता. मला अस्तर आणायचंच होतं, म्हणून मीही बरोबर गेले. सिस्टरना पाहताच डॉक्टर खुर्चीतून उठले, सगळ्या पेशंटांसमोर त्यांच्या पाया पडले.

"याच बाईंनी मला उलटं धरून धपाटा घातला, तेव्हा मी पहिल्यांदा रडलो!"

सगळे हसले. चहा आला. सिस्टरनी हळूच विषय काढला, "एखांदं काम असंल तर बगा. लसीचं, ड्रेसिंगचं, कसलं बी."

डॉक्टरांनी जीभ चावली. "सिस्टर, तुम्ही मला आईसारख्या. तुम्हाला मी कामाला ठेवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." कंपाउंडरला पिटाळून त्यांनी समोरच्या दुकानातून शाल मागवली. दुसरी.

बाहेर आल्यावर मी चिडले. "आवं, सांगायचं हुतं की तोंडानं! शाल नको, काम द्या म्हणून!"

"पाया पडला गं त्यो," सिस्टर म्हणाल्या. "पाया पडल्याल्या मान्साजवळ काय मागायचं?"

पुढं त्या एका शाळेच्या वसतिगृहात नर्सच्या जागेसाठी विचारायला गेल्या. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना महिला दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. तिसरी. आपल्याकडं माणसाला काही द्यायचं नसलं की शाल देतात, हे माझं मत तिथं पक्कं झालं.

शेवटी सिस्टरनी ठरवलं, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं जायचं. साताऱ्यात घरोघर आजाऱ्यांची सेवा करायला बायका पाठवणारा एक माणूस होता. त्याला त्यांनी आपण नर्स होतो हे सांगितलंच नाही. सासऱ्याचं केलंय, एवढंच सांगितलं. त्यानं एक घर दिलं. धोंडुबाई नावाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करायचं, राहायचं तिथंच. सिस्टर पिशवी भरून निघाल्या तेव्हा लहान पोरीसारख्या दिसत होत्या. मला म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस."

पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत त्या विसरल्या. आमच्या पोरी कुठं कुठं दिल्या आहेत आणि बहुतेकींचं पहिलं पोर सिस्टरच्या हातचं.

त्याच संध्याकाळी त्या एस.टी.तून उतरल्या. माझं दुकान स्टँडसमोरच. पिशवी हातात आणि खांद्यावर मोरपंखी शाल. मी उठून त्यांना आत आणलं, पाणी दिलं.

"दार उघडलं तर सृष्टी," त्या म्हणाल्या. "आपल्या गावातल्या अर्जुनाची लेक. धोंडुबाईची सून. गळ्यातच पडली. मी म्हातारीचं मुताचं भांडं उचलाया गेले, तर हातातनं काढून घेतलं. म्हनली, तुमी माझं बाळंतपन केलं, तुमच्या हातनं मी सासूचं भांडं साफ करून घिऊ? मला पाप लागंल. मी म्हनलं, न्हाई लागत गं. आगं, मी तिच्या हाता-पाया पडले चंद्रा. ती रडाया लागली. मग तिच्या नवऱ्यानं गाडीवनं स्टँडला सोडलं."

"आन म्हातारी?"

"पाठीला जखम झालीय तिच्या. कड बदलाया पायजे सारखी. सांगून आले सृष्टीला, पर तिच्यानं एकटीनं हुयाचं न्हाई."

सिस्टरनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच मशीनच्या सुईत दोरा ओवत बसले.

तेवढ्यात शिवलेली पॅन्ट न्यायला गावातला जोतीराम आला. शाल बघून त्याचं तोंड फुललं.

"वा सिस्टर! आज कुटं सत्कार?"

सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी खांद्यावरची शाल नीट केली.

"साताऱ्याला," त्या म्हणाल्या. "लय मानसं हुती."

"व्हायलाच पायजे!" जोतीराम म्हणाला. "थांबा, आपल्या गावानं बी परत एकदा करायला पायजे तुमचा. मी बोलतो सरपंचांस्नी."