न प्यायलेल्या दारूचा वास

आधीच सांगते, भूतखेत, उतारे, अंगात येणं असल्या गोष्टींना मी कधीच भीक घातली नाही. चाळीत कुणाच्या दारात लिंबू सापडलं की बायका लांबून वळसा घालायच्या, मी म्हणायचे, द्या इकडे, सरबत करते. तरी आज हे लिहायला बसलेय... कारण इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. आणि तो भुतापेक्षा माणसांवरच जास्त आहे.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरला, खाडीच्या बाजूला राहायचो. माझे यजमान ठाण्याला वर्तकनगरजवळच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. आम्ही कोळी. आमच्यात हळदीला, देवाच्या कार्याला दारू असते, खोटं कशाला बोलू? पण यांनी जन्मात थेंब घेतला नाही. यांचे वडील हातभट्टीची प्यायचे आणि एक दिवस पोट धरून, गुडघ्यांवर वाकून, ओकत ओकत गेले. "दारूनं गेला" म्हणून सगळे मोकळे झाले. तेव्हा हे शाळेत होते. त्याच दिवशी यांनी शपथ घेतली. मी सासऱ्यांना फोटोतच पाहिलं.

दर सर्वपित्रीला यांची आत्या सासऱ्यांच्या पानाशेजारी दारूचा ग्लास ठेवायची. जाणाऱ्याला आवडायचं ते ठेवायचं, ही आमची पद्धत. यांना ते पटायचं नाही, पण आत्यानेच यांना वाढवलेलं, त्यामुळे हे गप्प बसायचे.

तर एका दुपारी मी सुकट निवडत बसले होते. घरात मी एकटीच. अचानक हातभट्टीचा वास आला — नवसागर आणि आंबलेला गूळ. माझं माहेर खडवलीकडचं, तिकडच्या ओढ्याकाठच्या भट्ट्यांमुळे तो वास मला चांगला ठाऊक. मी मोरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं, शेजारणीशी भांडूनसुद्धा आले. वास हटेना. सासऱ्यांचा फोटो होता त्या खिडकीपाशी तर जास्तच.

संध्याकाळी यांना कंपनीतल्या दोघांनी धरून आणलं. पोटात वरच्या बाजूला कळ, ती थेट पाठीत जायची. आडवं पडता येईना, पुढे वाकून बसले होते. मी यांना खिडकीपाशी टेकवलं आणि रिक्षा बघायला धावले. तेवढ्यात तो मेला वास यांच्या शर्टाला लागला!

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, स्वादुपिंडाला, म्हणजे पँक्रियाजला, सूज आलीय. मग वाकून हुंगलं.

"काय रे, रोज किती घेतोस?"

"घेत नाही साहेब."

"कोळी ना तुम्ही? मग मला नको शिकवू."

पोटावरून सोनोग्राफी केली. गॅसमुळे नीट दिसलं नाही, पण डॉक्टरांना काही शोधायचं होतं कुठे? जात विचारली की रोग कळतो, असं शिकले होते बहुतेक! घरी जाताना सल्ला दिला — दारू सोड.

काही महिन्यांनी पुन्हा तेच. हे बसवर असताना भरदुपारी घरात वास, आणि संध्याकाळी हे वाकलेले. या वेळी कंपनीने बस काढून घेतली. बेवड्याच्या हातात माणसं कशी द्यायची, म्हणे. डॉक्टर म्हणाले, आणखी एक झटका आला तर वाचेल याची खात्री नाही.

आत्या आली आणि कपाळावर हात मारून बसली. "बापसाच्या वाटंला गेला गो पोर. तुजा लक्ष व्हता कुठं?"

माझं डोकंच फिरलं. "आत्या, हे ठाण्याला होते आणि वास इथे येत होता. मग घरात कोण पीत होतं, सांगा ना!"

आत्याची नजर फोटोकडे गेली.

डॉक्टरांना हे सांगायची सोय नव्हती, वेड्यात काढलं असतं. पण तो वास यांचा नाही हे मला पक्कं माहीत होतं. त्याच बळावर मी भांडून यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पिता का?" हे म्हणाले, "नाही." बाई म्हणाल्या, "बरं."

बस्, एवढंच. मला रडूच कोसळलं.

तिथे एक नवीन मशीन आलं होतं, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडचं. तोंडातून दुर्बीण आत जाते आणि तिच्या टोकालाच सोनोग्राफी असते. बाई म्हणाल्या, पँक्रियाज जठराच्या मागेच असतं, तेव्हा बाहेरून बघण्यापेक्षा आत जाऊन जवळून बघू. आणि दिसलं! पित्ताशयात वाळूसारखे बारीक खडे, आणि त्यातलाच एक पित्ताच्या नळीच्या तोंडाशी अडकलेला. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या पँक्रियाजवर दिसतात तशा खुणा कुठेच नव्हत्या. नळीतला खडा दुर्बिणीनेच काढला आणि नंतर ऑपरेशन करून पित्ताशयही काढून टाकलं.

"घरात आणखी कुणाला असं झालेलं?" बाईंनी विचारलं.

हे खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "बाबा असेच वाकून बसायचे."

"त्यांना तपासलं होतं?"

"नाही. दारूनं गेले म्हणाले."

"दारूनेही होतं, खड्यांनीही होतं," बाई म्हणाल्या. "बघितलंच नाही, तर आता कसं सांगणार?"

मी बाईंना वासाचंही विचारलं. त्या म्हणाल्या, उपाशीपोटी उलट्या झाल्या की तोंडाला विचित्र वास येतो. तोंडाचं ठीक आहे हो... पण रिकाम्या घराचं काय? त्यावर त्या नुसत्या हसल्या.

यांना बस परत मिळाली. कंपनीतून कुणी माफी मागितली नाही. नर्सिंग होममध्ये मी मुद्दाम रिपोर्ट घेऊन गेले, तर डॉक्टर म्हणाले, "चला, बरं झालं." बरं झालं म्हणे!

पुढच्या सर्वपित्रीला आत्याने ग्लास आणलाच नाही. पान वाढलं, हे हात जोडून उभे राहिले... आणि वास आला. तिघांनाही आला. माझा तोल सुटला. मी फोटोसमोर उभी राहून ओरडले, "मामा, सांगायचंच होतं तर हाच वास सापडला तुम्हाला? याच वासानं तुमच्या पोराला बेवडा ठरवलं! बस गेली त्याची!"

हे मला आवरायला पुढे आले. पण आत्याच पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"त्याच्याकडं सांगायला दुसरा व्हता काय गो? कुठं दुखतंय म्हनून आमी त्याला कदी इचारलाच नाय."

हळूहळू वास गेला. तो आजपर्यंत परत आलेला नाही, आणि यांचं पोटही पुन्हा दुखलं नाही. वास कुठून यायचा, मला सांगता येत नाही. सासऱ्यांना दारूने नेलं की खड्यांनी, तेही आता कुणालाच कळायचं नाही. त्यांच्या पानाशेजारी आम्ही पाण्याचा ग्लास ठेवतो. तो ठेवताना दरवर्षी मला नव्याने राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नाही.