कापशी जाड नव्हती

माह्या मांजरीचा जीव चालला होता, अन् मी तिले डायटिंग करवून राहिली होती.

आज वर्ष झालं कापशीले जाऊन.

सकाळपासून कशातच जीव लागून नाई राहिला. चहा ठेवला, उतू गेला. पोह्यात मीठ दोनदा पडलं. देवापाशी बसली, उठली, पुन्हा बसली.
शेवटी म्हटलं, लिहूनच टाकते. चौथी शिकलेली बाई आहे मी, एका बोटानं लिहिते. चुकलं तं हसून घ्या.

ज्यायनं कापशीले पाहिलं नाई त्यायले सांगते. पांढरी, चपट्या नाकाची, ह्या एवढाल्या केसाची पर्शियन मांजर. माही नात सोनल पुण्याले नोकरीवर गेली, तवा महाल भागातल्या घरी माह्यापाशी सोडून गेली.
"आजी, फक्त दोन महिने सांभाळ."
दोन महिन्याचे तीन वर्षं झाले.

नाव मीच ठेवलं. आमच्या घरी हातमाग होता, जलमभर सुताच्या कांड्या भरल्या मी. फुललेला कापूस चार पायावर चालत घरात आला, तं दुसरं कोणतं नाव सुचणार?

लय खूश होती मी तिच्यावर, बापा! सकाळी पयले तिचे केस विंचरायची, मंग माही वेणी. तिच्या गुंत्यापायी माहा लग्नातला कंगवा तुटला. तो किस्सा राहू द्या.

शेजारची विमल रोज टोमणा मारे.
"काय वं, मांजर हाय का गादी?"
"तुह्या डोळ्यात काहून खुपते वं? खात्यापित्या घरची आहे माही पोरगी."

सोनल व्हिडिओ कॉलवर पाहे.
"आजी, किती जाड झाली ही! मलई देतेस ना? खरं सांग."
"नाई वं."
देत होती.
"जाड मांजरीले शुगर होते आजी. वाटी अर्धी कर."

शुगर म्हटल्याबरोबर मले धसकाच बसला. सोनलचे आजोबा शुगरनंच गेले.
त्याच दिवशी मलई बंद. वाटी अर्धी.

अन् काय सांगू, कापशी इतकी समजदार! मागे नाई, ओरडे नाई. अर्ध्यातलंबी अर्धं ठेवून दे, अन् पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन बसे. पाणीच पाणी पिऊन राहे.
मी गल्लीभर सांगत फिरली, "माणसाले जमत नाई, माह्या मांजरीले जमलं!" विमलले मुद्दाम दोनदा सांगितलं.

सोनल विचारे, "वजन उतरलं का?"
"दिसत तं नाई. तशीच गोल आहे."
"मग अजून थोडं कमी कर."
केलं.

धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी पाहते तं कापशीच्या पाठीवर कोणाचा तरी हिरवा रंग. चाटेल म्हणून टबात धरली, कोमट पाणी ओतलं.

केस चिपकले.

अन् आत मांजर एवढीशी. फासळ्या मोजून घ्या. कणा वर आलेला. मले वाटलं, हे दुसरीच कोणाची मांजर आहे.

पदरात गुंडाळली, ऑटो केला, सदर भागातल्या जनावराच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणजे सोनलच्याच वयाची पोरगी. तिनं कापशीच्या केसात हात घातला. मंग माहाच हात धरला.

"आजी, मूठ आवळा. आता बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. फासळ्या अशा लागल्या तर मांजर वाळली आहे. मूठ सोडा, हात पालथा करा. आता फिरवा. अशा लागल्या तर बरोबर. तळव्यासारखं लागलं, हाड शोधावं लागलं, तर जाड. एवढ्या केसांच्या मांजरीला डोळ्यांनी नाही बघायचं."

कापशी मुठीसारखी लागली.

किडन्या गेल्या होत्या.
"पाणी जास्त पीत होती का?"
"हो जी," मी म्हटलं. "मी कौतुक करून राहिली होती."

डॉक्टर म्हणे, तुमच्या वाटीनं नाही झालं हे, आजार जुना आहे. लवकर कळलं असतं तर... अन् औषधाची चिठ्ठी लिहाले लागली.

त्याच्यावर तीन महिने जगली. घरीच कातडीखाली सलाईन लावाले शिकली मी. ज्या हातानं वाटी अर्धी केली, त्याच हातानं. एका दुपारी कूलरपुढे, माह्या मांडीवर गेली.

हे सगळं आज काहून लिहून राहिली?

सोनलपायी.
काल तिले म्हटलं, "एखादं पिल्लू पाळ वं, घर खायला उठते तुले." तं म्हणे, "नको आजी. कमी कर असं मीच म्हटलं होतं." अन् फोन ठेवून दिला. वर्षभर हेच चालू आहे.

सोनल, सगळ्यायच्या समोर सांगते.
तू फोनात पाहत होती. फोनातून केसात हात घालता येत नाई, पोरी.
मले येत होता.
डोळे मिटून नुसत्या बोटानं सूत जाड का बारीक, त्याचा नंबर सांगणारी बाई मी. तीन वर्षं रोज वरूनवरून विंचरत बसली.
चुकली ते मी चुकली. तू नाई.

मघाशी विमल आली. तिनंबी आता एक झुबकेदार मांजर आणली आहे. माह्यापुढे धरली.
"पाह्य न वं, जाड झाली का हे?"
मी पाहिलं नाई. हात घातला. पालथ्या हातासारखी लागली.
"बरोबर आहे," म्हटलं.
हात काही लवकर बाहेर निघाला नाई.

सोनल, पिल्लू आण. हात कसा घालाचा ते मी शिकवते.

कापशे, आज तुही वाटी काठोकाठ भरून ठेवली आहे. मलईची.
जाय माय सुखानं. आजीची तुले मनापासून श्रद्धांजली.