लाइफटाइम गारंटीचं गवत

आमच्या धंद्यात किस्से साठतात ते वाट बघण्यामुळे. लकवा मारलेल्या हाताला पुन्हा बटण लावायला, घास घ्यायला शिकवणं हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. बोट हलेपर्यंत समोर बसून राहायचं, आणि तोवर माणसं काय काय बोलतात ते ऐकून घ्यायचं!

*

बोरकर काका रेल्वेतून रिटायर झालेले. उजवी मूठ घट्ट मिटलेली. समता कॉलोनीतल्या आमच्या सेंटरमध्ये मी त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या रंगीत खुंट्या ठेवल्या, तर म्हणाले, "मॅडम, नातवंडं आहेत मले. हे पोट्ट्यायचे खेळणे काहून देऊन राहिल्या?"

मग त्यांना मागच्या मोकळ्या जागेत नेलं. हातात ओलं ढेकूळ दिलं. ते फोडायच्या नादात मूठ जराशी उघडली! आम्ही तिथे वाफा केला, लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, पेरली. काका काकूंना म्हणाले, "ह्याच हातानं खुडून आणतो तुले. तोवर बाजारातून आणू नको."

काकूंनी खरंच आणली नाही.

*

तेलीबांधा भागातल्या एका आजींनाही मी वाफ्यावर बसवायची. हाताची गेलेली जाणीव मातीनं परत येऊ लागली होती. एक दिवस सूनबाई लवकर आल्या.

"मम्मीजी के हाथ मिट्टी में? घर में दो-दो नौकर हैं हमारे!"

दुसऱ्या दिवसापासून आजी मशीनवर. मशीन गुणगुणतं, त्याला दिवा आहे, सूनबाई खूश. आजी हात मशीनखाली ठेवून खिडकीतून वाफ्याकडे बघत बसायच्या.

*

आमचे सर, म्हणजे सेंटरचे मालक, कॉन्फरन्सहून परतले ते भारावूनच. "मॅडम, अब नेचर थेरपी का जमाना है! हम हीलिंग गार्डन बनाएँगे!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! म्हटलं, "सर, आपला मागचा वाफा आहेच की!"

"वो कीचड? हाँ, उसका कुछ करते हैं।"

*

आणि केलं! सोमवारी येऊन बघते तर चहूबाजूंनी टाइल्स आणि मधे, आमच्या वाफ्यावर, प्लास्टिकचं हिरवंगार गवत. भाजी चार बोटं वर आली होती. शेजारी पाटी: 'कृपया घास पर न चलें।' व्हीलचेअरलाही मनाई, चाकांचे डाग पडतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठेकेदार मात्र मलाच समजावत होता, "टेंशन मत लो मॅडम, लाइफटाइम गारंटी है। इसमें कुछ उगता ही नहीं!"

*

उद्घाटनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. मलाही धीर झाला नाही. फोटोसाठी सरांनी त्यांना गवतावर बसवलं. "काकाजी, घास पर हाथ फेरिए. स्माइल!"

काकांनी हात फेरला. पुन्हा फेरला. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, भाजी कुठी आहे?"

मी खाली बोट दाखवलं.

काकांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून गवताची कड चिमटीत धरली. त्या चिमटीची मी किती दिवस वाट बघत होते! फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. काकांनी कड ओढली, अजून ओढली. खाली चेपलेली, पिवळी पडलेली रोपं होती. काका ती एकेक खुडायला लागले, उजव्या हातानंच.

"मॅडम, रोको इनको!" सर ओरडले. मी रोखलं नाही. मला रडू येत होतं.

त्याच संध्याकाळी सरांनी काकूंना सांगितलं, यांना परत आणू नका.

आठवड्याभरात गेटवर भलंमोठं फ्लेक्स लागलं. त्यावर फक्त दोन बोटांची चिमटी आणि हिरवं गवत. वर अक्षरं: 'हीलिंग गार्डन का पहला कमाल!'

काकू पुन्हा एकदा विचारून बघायला आल्या, तर वॉचमननं त्यांना गेटवरच थांबवलं. मी धावत बाहेर गेले. त्या फ्लेक्सकडे बघत उभ्या होत्या.

"हात तर ह्यायचाच आहे न मॅडम," त्या म्हणाल्या, "मंग ह्यायले आत काहून नाही येऊ देऊन राहिले?"