७.७ ची ओळ

मी कॉम्प्युटरवाली बाई आहे. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं — वीस वर्षं क्लासमध्ये हेच शिकवलं. इथे लोक टाकतात ते गूढ अनुभव वाचतानाही मी बहुतेक वेळा मनात चुकाच काढत असते. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले, याचा मला काही आनंद नाही. पण हे सांगायला दुसरी जागा नाही.

जळगावला राहते. वय बावन्न. क्लासची नोकरी सोडल्यापासून घरीच छोटे प्रोग्राम करते — जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा, शेकडो फोटोंची नावं एकदम बदलणारा, रावेरकडच्या केळीवाल्यांसाठी खोक्यांची लेबलं छापणारा. स्वतःची वेबसाइट आहे. पांढरं पान, निळ्या लिंका, बाकी सजावट शून्य. कोणीही यावं, फुकट उतरवून घ्यावं. आभाराची मेल क्वचित येते, तक्रारीची रोज.

माझा मोठा भाऊ मिलिंद, धुळ्याला त्याचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वर्षावासाच्या कार्यक्रमाची पत्रकं, दशक्रियेची कार्डं. पत्रिका जुळवायला त्याला मी एक प्रोग्राम करून दिला होता. तो साइटवर कधीच ठेवला नाही. पेनड्राइव्हवरून मी स्वतः त्याच्या मशीनवर टाकला. आवृत्तीचा क्रमांक दिला ७.७, म्हणजे दुसऱ्या कशाशी गोंधळ नको. तेव्हा मी प्रोग्रामला कुलूप घालायला शिकत होते, म्हणून तो त्याच्याच हार्ड डिस्कच्या नंबराला बांधला. दुसऱ्या डिस्कवर तो उघडतच नाही. अनेकदा तपासलं आहे.

आणखी एक सांगायला हवं. माझा कुठलाही प्रोग्राम उघडला की तो आधी साइटला विचारतो — नवीन आवृत्ती आली का? साइट हो किंवा नाही म्हणते. विचारणाऱ्याची एक ओळ साइटच्या नोंदीत पडते : वेळ, आवृत्तीचा क्रमांक, डिस्कचा नंबर, कुठून विचारलं. भाऊ रोज दहाच्या सुमाराला दुकान उघडायचा, तेव्हा ७.७ ची ओळ पडायची. मी बघायचेही नाही.

त्याचा शेवटचा फोन आला तो असा.

"सुजे, काही नवीन टाकलंस का? लोक आता मोबाइलवर हलणारी पत्रिका मागतात."

"भाऊ, ते पोरं फुकट करतात. साठी आली तुझी, दुकान बंद कर आता."

"बरं," म्हणाला. मग विचारलं, "चहा झाला का तुझा?"

मी म्हटलं झाला, आणि ठेवला.

दोन दिवसांनी तो भडगावला पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला गेला. गठ्ठा पोचला. गिऱ्हाइकाने पाणी दिलं, ते प्यायला. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, गिरणेचं पात्र शोधलं, नातेवाइकांनी शेगावपासून सुरतेपर्यंत फोटो दाखवत फिरून पाहिलं... काही नाही.

महिन्याभराने दुकान रिकामं केलं. मशीन भंगारात गेलं. हार्ड डिस्क मी काढून घेतली आणि घरी कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी साइटची नोंद उघडली, तर त्या दिवशीची ओळ — दहा वाजून आठ मिनिटं, ७.७, त्याच डिस्कचा नंबर. मागे जाऊन पाहिलं. तो गेला त्या दिवसापासून एकही कामाचा दिवस चुकलेला नव्हता. रविवारी ओळ नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ओळ नाही. कुठून विचारलं तो रकाना मात्र रिकामा, आणि तो रिकामा राहूच शकत नाही.

सर्व्हरवाल्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, मॅडम, ब्राउझर बंद करून पुन्हा चालू करा. ठाण्यातले साहेब भले होते, कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "ताई, या ओळीवर आम्ही गाडी कुठं न्यायची?"

वहिनीला सांगितलं ही माझी पहिली चूक. वहिनी शिरपूरकडची, कॉम्प्युटरला तिने हात लावलेला नाही. पण त्या दिवसापासून रोज साडेदहाला तिचा फोन.

"ताई, आज उना का?"

"आला."

"मंग तो जित्ता शे."

"वहिनी, एक ओळ आली आहे. माणूस नाही."

"तुम्हले बठ्ठं समजस, इतलंच समजत नै."

दोन वर्षं हे चाललं. मी आजारी असले तरी साडेदहाच्या आत नोंद बघून ठेवायचे. आणि खरं सांगायचं तर नंतर नंतर मी वहिनीसाठी बघत नव्हते.

मग भावाच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पत्रिकेचा मजकूर द्यायचा होता, आणि सगळं तिथे अडलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' छापतात. ज्याने आयुष्यभर लोकांच्या पत्रिका जुळवल्या, त्याचं नाव त्याच्या मुलीच्या पत्रिकेत कसं छापायचं, हे कोणाला ठरवता येईना. चुलते म्हणाले, दोन वर्षं झाली, आता टाकाच, लोक विचारतात. वहिनीने मला फोन केला.

"बापना नावम्होरे काय लिखू? तुम्हीच सांगा. तुम्हले रोज दिसस तो."

मी म्हटलं, चार दिवस द्या.

तेव्हा डोक्यात आलं की दोन वर्षं तो प्रोग्राम रोज विचारतो आहे, नवीन काही आहे का, आणि माझी साइट रोज नाही म्हणते आहे. मी हो म्हणायला लावू शकते.

एका दुपारी बसून ७.८ केला. उघडला की फक्त एक चौकट : "भाऊ, प्रज्ञाचं लग्न ठरलं. पत्रिकेत तुझं नाव कसं छापू? खाली लिही. — सुजा". खाली लिहायची जागा आणि 'पाठव' असं बटण. घरच्या मशीनवर तीनदा चालवून बघितला, उत्तर बरोबर येत होतं. साइटवर चढवला आणि ७.७ ला सांगायला लावलं की हो, नवीन आहे. वहिनीला कळवलं, भाऊलाच विचारलं आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून आठ मिनिटांनी ओळ आली. तिच्याखाली दुसरी ओळ — ७.८ पूर्ण उतरवून घेतला. एक बाइटही कमी नाही.

मी नोंद उघडी ठेवून बसून राहिले. साडेदहाला वहिनीचा फोन वाजला, उचलला नाही. अकरा वाजले. दुपार झाली. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळ नाही. तिसऱ्या दिवशी नाही.

चौथ्या दिवशी वहिनीने विचारलं, "उना का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग छापी टाका," आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा साडेदहाचा फोन कधी आला नाही.

पत्रिका छापून आल्या. कालकथित मिलिंद. अक्षर चांगलं होतं.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी ७.८ चा कोड सहज उघडला. चाचणी घेताना आम्ही प्रोग्राममध्ये साइटचा पत्ता न देता 'हाच कॉम्प्युटर' असा पत्ता देतो, म्हणजे सगळं आपल्याच मशीनवर तपासता येतं. साइटवर चढवण्याआधी तो बदलायचा असतो. क्लासमध्ये मुलं हे विसरली की मी त्यांना सगळ्यांसमोर उभं करायचे.

मी बदललाच नव्हता.

म्हणजे ७.८ ज्या मशीनवर उघडेल, त्याच मशीनला विचारत राहील. त्याने काही लिहून 'पाठव' दाबलं असेल, तर ते त्याच्याकडेच राहिलं. तो आजही रोज दहाला उघडत असेल, तरी मला दिसणार नाही. आणि नवीन आवृत्ती बसली की जुनी पुसली जाते; ७.७ आता तिथे नाही, त्यामुळे दुरुस्त केलेला प्रोग्राम पाठवायलाही रस्ता नाही.

कपाटातली डिस्क काढून जोडली. तिच्यावर ७.७ च आहे. शेवटचा उघडला तो भडगावला गेला त्या सकाळी. ७.८ चं तिथे नावही नाही. मग तो कोणी उतरवला, कशावर, मला माहीत नाही. ओळखीच्या तिघा जाणकारांना सगळ्या नोंदी दाखवल्या. तिघांनी तीन कारणं सांगितली, आणि एकही कारण हार्ड डिस्कच्या नंबरापाशी टिकलं नाही.

वहिनीने आता त्याचा फोटो हार घालून भिंतीवर लावला आहे. माझी चूक मी तिला सांगितलेली नाही. सांगितली तर ती हार काढेल, आणि परत रोज साडेदहाला विचारेल... आणि आता माझ्याकडे बघायला नोंदसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते. चहा देताना म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही इचारी लिधं. नैतं मी वाटच देखत बसतू."

मी चहा प्यायले.