आजोबांचा शर्ट नाल्यावर का धुतला

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, आजोबा खरंच नाल्यावर कपडे धुवायचे का? तुमच्या आत्याची पहिली फिल्म तुम्हाला इंटरनेटवर सापडली म्हणे. नाही, धुवायचे नाहीत. काय झालं ते क्रमाने सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहत होतो आणि आजोबा कारखान्यातून निवृत्त झाले होते. दर पौर्णिमेला आम्ही विहारात वंदनेला जायचो. आदल्या दिवशी सगळ्यांचे पांढरे कपडे आजोबा स्वतः धुवायचे. बादलीत चिमूटभर नीळ, मग तांदळाची खळ, मग इस्त्री. त्यात मलासुद्धा हात घालू देत नसत.

आत्याला यावरच फिल्म करायची होती. पहिली फिल्म करणाऱ्यांना अनुदान देणारी एक संस्था मुंबईत होती. आत्याची निवड जवळजवळ झाली होती. फक्त संस्थेचे दोघे जण घर बघायला येणार होते.

घर बघायला येणार म्हटल्यावर मी पंखे पुसले, पडदे धुतले, चांगले कप काढले. पाहुण्यांशी इंग्रजीत बोलले. तिथेच सगळं बिघडलं. हातमागाचा कुडता घातलेल्या बाई तीनदा म्हणाल्या, “तुमचं इंग्लिश खूपच छान आहे हं.” सोबतचे गृहस्थ आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे, चहात पडलेल्या माशीकडे बघावं तसे बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, “तुमचे कुणी नातेवाईक, म्हणजे, अजून मागे राहिलेले?”

“आहे ना,” आजोबा म्हणाले. “माझा मेहुणा. अजून टेपरेकॉर्डरच वापरतो.”

आठवड्याने निरोप आला. अनुदान मिळेल, पण सुरुवात बदला. घर फार नीटनेटकं आहे, बघणाऱ्याला संघर्ष दिसत नाही. वडील नाल्यावर कपडे धुताना दाखवा.

मला शिसारी आली. “नको म्हणून सांग त्यांना,” मी म्हणाले.

“आई, एकच शॉट आहे. मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतील. मग माझी फिल्म होणारच नाही.”

“नको होऊ दे.”

“अगं, पोरीची पहिली फिल्म आहे,” आजोबा म्हणाले. “नाल्याकाठी बसायचंय, नाल्यात नाही.”

नाला उल्हासनगरचा, जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांमागचा. पाणी निळंकाळं, वास डोक्यात जाणारा. आजोबांसाठी फाटकी बनियन हवी होती, पण आमच्या घरात फाटकी बनियन नव्हती. म्हणून उल्हासनगरातल्याच कॅम्प दोनच्या बाजारातून नवी आणली आणि ब्लेडने फाडली. ती घालून आजोबा काठावरच्या दगडावर आपलाच शर्ट आपटत बसले. मागच्या कारखान्याचा सिंधी मालक धावत बाहेर आला. “अंकल, इधर मत धोओ, पूरा रंग चढ जाएगा. अंदर नल है ना.” आत्याने हात जोडून त्याला आत पाठवलं आणि पुन्हा कॅमेरा लावला. मी रिक्षात नाकाला पदर लावून बसले होते, आणि तो फक्त वासासाठी नव्हता.

घरी आल्यावर आजोबांनी दोनदा अंघोळ केली. शर्ट मी कचऱ्यात टाकला.

इस्त्रीचं चित्रणही झालं होतं, बराच वेळ. फिल्ममध्ये त्यातला जेमतेम एक तुकडा राहिला. नाला मात्र सुरुवातीला आहे, शेवटीही आहे.

मुंबईत फिल्म दाखवली तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजोबाही वाजवत होते; त्यांची पोर स्टेजवर होती ना. बाहेर आल्यावर एक रेशमी साडीवाल्या बाई डोळे पुसत आमच्याकडे आल्या. आजोबांच्या अंगावर त्या दिवशी खळ घातलेला पांढरा सदरा होता, कडक इस्त्रीचा. त्यांचा हात धरून त्या म्हणाल्या, “आमच्या घरी ह्यांचे बरेच जुने शर्ट पडलेत. पाठवून देऊ का?”

आजोबा नुसते हसले. तुमची आत्या शेजारीच उभी होती, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. मग मीच त्या बाईंना इंग्रजीत सांगितलं, नको.