हाताआडचे दोन शब्द

आमच्या घरात हळू बोलणारा माणूस उपाशी राहायचा. वडगावात एका लांबट खोलीत कापड विणणारे चार खडखडते माग आणि त्याच खोलीच्या टोकाला चूल. 'भाकरी वाढ' हेसुद्धा ओरडूनच सांगावं लागायचं. त्यामुळं माझा आवाज आजही मागावरचा आहे. मी फोनवर बोलले की शेजारीण खिडकीतून उत्तर देते.

हातही मागावरचाच आहे, हे मात्र मी सहसा सांगत नाही. आप्पा चिडले की हाताला लागेल तो धोटा फेकून मारायचे. सुतातून इकडून तिकडं धावणारा तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं. आईच्या भुवईवर त्याची खूण होती. माझी केसांखाली आहे. बारा वर्षांची असताना मी आईवर उगारलेला धोटा हिसकावून घेतला आणि आप्पांच्याच गुडघ्यावर हाणला. ते महिनाभर लंगडत होते. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

अशी बाई समुपदेशक झाली. लोकांचा राग शांत करणं हा माझा धंदा आहे, हसायचं तर हसा.

शहापुरात माझी एक खोली आहे. ती आणि बाहेरची बसायची जागा यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन, वरच्या भागात काच. शिकताना आम्हाला सांगितलं होतं की येणाऱ्या माणसाला त्याची जात, धर्म, भाषा, देव चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायला लावू नका. ते सगळं घेऊन त्याला आत येऊ द्या. मला हे फार पटलं. मी माझी एक रीतच पाडली, ज्याचा नमस्कार त्याला. लिंगायत आज्जी आली की 'शरणु', मुसलमान बाई आली की 'सलाम'. कन्नड माणसाशी पहिलं वाक्य कन्नडमध्येच. लोक खूश व्हायचे आणि मी त्यांच्याहून जास्त.

त्यात तो आला. चाळिशीचा, बँकेत अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, मराठी एकदम पुस्तकातली. नऊ वर्षांच्या मुलीच्या त्यानं कानाखाली मारली होती. पडदा फाटला होता आणि डाव्या कानानं तिला नीट ऐकू येईनासं झालं होतं. बायकोनं बजावलं होतं, पुन्हा हात उचलला तर पोरीला घेऊन संकेश्वरला माहेरी जाईन, परत येणार नाही.

"का मारलंत?" मी विचारलं.

"दारात ओरडली," तो म्हणाला. एवढंच. दुसऱ्या भेटीतही तेवढंच. गाव कुठलं विचारलं तर "आम्ही निपाणीकडचे," आणि माझ्या कागदावरची जातीधर्माची जागा कोरी.

दुसऱ्या भेटीच्या शेवटी त्याला वडिलांचा फोन आला. तो भिंतीकडं वळला, तोंडावर हात आडवा धरला आणि बोलणं संपवताना अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "जय भीम, आप्पा." मला वाटलं, सापडली किल्ली! हा बिचारा माझ्यापुढं संकोचतोय. माझ्यासारख्या दुसऱ्या जातीच्या बाईपुढं बोलायला अवघडतोय. त्याला दाखवून द्यायला पाहिजे की या खोलीत त्याचा मान आहे. मी शब्द ऐकले. तोंडावर धरलेला हात माझ्या डोळ्यांसमोर होता, पण तो काही मी पाहिला नाही. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा हा असा असतो.

तिसऱ्या भेटीला बाहेर तीन माणसं बसली होती. तो दारातून आला तशी मी उठले, हात जोडले आणि माझ्या मागावरच्या आवाजात म्हणाले, "जय भीम! या!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो आत आला आणि दार असं आपटलं की पार्टिशनची काच खळ्ळकन खाली आली. त्यानं माझं मनगट धरून पिरगाळलं, मला भिंतीवर रेटलं. "कुणी सांगितलं? कुणी सांगितलं तुम्हाला?" दुसरी मूठ माझ्या डोक्याशेजारी प्लायवूडवर बसली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी त्याच्या बोटांची सालटं निघाली आणि रक्त माझ्या खांद्यावर उडालं. मी घाबरले होते, पण घाबरल्यावर काय करायचं हे मला घरात एकच शिकवलेलं. माझा मोकळा हात उठला आणि त्याच्या कानाखाली बसला. सगळ्या ताकदीनिशी.

बाहेर कुणीतरी "अगं आई" म्हणालं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तो खाली काचांमध्येच बसला, गालावर हात धरून. पुस्तकातली मराठी गळून पडली.

"मी बी असंच हाणलं तिला, आक्का."

मी उभीच होते. हात झिणझिणत होता.

"आप्पा गावाकडनं आलते. वखारीत तंबाखू चाळून चाळून छाती गेलीया त्यांची, दवाखान्याला आणलंतं. जिना चढून वर आले आन् पोरगी दारातनं वरडली, 'जय भीम आज्जा!' लई आनंद झालता तिला. मालक खाली जिन्यापाशीच हुता. घर भाड्यानं घेताना त्यानं जात इचारलीती, तवा मी सांगितलंतं, आम्ही मराठे. आप्पांच्या म्होरंच हाणलं तिला. आप्पा पाणी न पिता परत गेले." त्यानं फुटलेल्या काचेकडं बोट केलं. "भायेर कोण बसलंय बघितलं न्हाय तुमी? मालकाची भण हाय ती."

मी वाकून बघितलं. खुर्ची रिकामी होती.

त्याच दिवशी मी माझ्या वरिष्ठ बाईंना फोन करून सगळं सांगितलं, थप्पडीसकट. "महिनाभर कुणालाही घेऊ नकोस, आणि त्याला दुसऱ्याकडं पाठव," त्या म्हणाल्या. मी त्याला दुसरा नंबर दिला. तो म्हणाला, "मी काय केलंय ते तुम्हाला माहीत झालंय. आता नव्यानं कुणाला सांगू?" शेवटी बाईंनी दर भेटीचा वृत्तांत स्वतः ऐकायच्या अटीवर त्याला माझ्याकडं येऊ दिलं.

त्या दिवसानंतरच्या आठवड्यातच त्याच्या घरमालकानं त्यांना घर सोडायला सांगितलं. पुतण्याचं लग्न ठरलंय म्हणे. मुलीची आई माझ्या घरी आली. बसली नाही.

"मॅडम, तुमी आमाला मान दिला म्हणं. आता सामान कुठं ठेवू ते बी सांगा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला नगं माफी. मी पैल्यापासनं म्हणत हुते, सांगून घर घिऊया. ते सांगायचं आमचं आमी ठरीवणार हुतो. तुमी कोण?"

मी रागीट बाई आहे, तोंडाला तोंड देणं माझ्या रक्तात आहे. पण तिच्यासमोर मी मान खाली घालून उभी राहिले. माझे आप्पा धोटा फेकायचे तेव्हा निदान त्याला मान देणं म्हणायचे नाहीत.

त्यांनी घर शोधलं. या वेळी त्यानं आधीच सांगितलं. तीन ठिकाणी नकार आला, चौथ्यानं दिलं. तो येत राहिला, आणि बायको संकेश्वरला गेली नाही, पण बॅग भरून कपाटावर ठेवलेली होती, असं तोच सांगायचा. मी आता कुणालाही आधी नमस्कार करत नाही. माणूस जे म्हणेल तेच परत म्हणते, आणि त्याच्याच आवाजात.

परवा तो मुलीला घेऊन आला. बायको मागून येणार होती, त्याला बँकेत जायचं होतं. बाहेर चार माणसं बसलेली. निघताना तो तिच्या डाव्या बाजूला वाकला, सवयीनं तोंडावर हात आडवा धरला आणि पुटपुटला, "जय भीम, बाळा."

"काय पप्पा? ऐकू न्हाय आलं," मुलगी म्हणाली. "मोठ्यानं म्हणा की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी ओठ घट्ट मिटून ठेवले. जन्मात पहिल्यांदा इतके घट्ट.

त्यानं तोंडावरचा हात काढला. तो हात बाजूला होताना दिसताच मुलीचे डोळे मिटले आणि डावा खांदा कानापर्यंत वर गेला. तो तसाच वाकून थांबला. मग चारचौघांत, खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम."

"जय भीम, पप्पा," ती डोळे न उघडता म्हणाली. खांदा तिनं खाली घेतला नाही.